डेन्मार्कची झडती

ज्योत्स्नाने ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि सजवलेल्या बैलांच्या रांगेतून वाट काढत ती थेट तोरणाखाली जाऊन उभी राहिली. गावच्या पोळ्यात आजवर एकाही बाईने झडती म्हटली नव्हती. बाया बैलांना ओवाळायच्या आणि बाजूला व्हायच्या. त्यामुळे ती माईक मागतेय हे माईक सांभाळणाऱ्या रुपेशला कळायला थोडा वेळच लागला.

"मॅडम, तुमी?"

"काऊन? बाईनं म्हनू नाई, असा ठराव झाला का?"

तसा ठराव झाला नव्हता. झाला होता तो वेगळाच. वर्षभर जे कोणाच्या तोंडावर बोलता येत नाही, ते पोळ्याच्या दिवशी झडतीत यमक जुळवून बोलायचं आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा, ही इकडची जुनी रीत. गेल्या वर्षी ज्योत्स्नाच्या बापाने, तानबाने, झडतीत सरळ बापूजी मालगुजारांचं, गावच्या बड्या जमीनदाराचं, नाव घेतलं. बापूजींनी पांदण रस्त्यावर तारेचं कुंपण घातलं होतं आणि मागच्या चाळीस वावरांची वाट बंद झाली होती. लोक वेचलेला कापूस डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या नाल्यातून आणत होते. बापूजींना ती झडती झोंबली. तानबाला पोळा समितीपुढे हात जोडून माफी मागावी लागली, आणि यंदा ठराव झाला की झडतीत जिल्ह्यातल्या कोणाही माणसाचं किंवा घराण्याचं नाव घ्यायचं नाही.

परवा ग्रामसभेत त्या रस्त्याचा विषय यायचा होता. विषय येईल, पण हात कोण वर करणार? सोसायटी बापूजींची, पतसंस्था बापूजींची, शाळाही बापूजींचीच. त्याच शाळेत ज्योत्स्ना इतिहास शिकवत होती, तीही कंत्राटावर. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे आईने तिला सकाळपासून तीनदा ऐकवलं होतं. बापाने काहीच म्हटलं नव्हतं. माफी मागितल्यापासून तो एकूण कमीच बोलायचा, आणि ज्योत्स्नाला खरा राग बापाला असं गप्प केल्याचा होता.

तिने घसा खाकरला.

"सात समुद्राच्या पल्याड डेन्मार्क नावाचा देश,
स्टिग नावाचा सरदार त्याचा, जरीकाठी वेश.
बिशप त्याच्या घरातला, फौज त्याच्या हाती,
देवळं त्यायच्या नावाची अन् त्यायचीच सारी माती.
राजाचा झाला खून तवा सभा मोठी बसली,
सत्तावीस जणाईपुढं सरदारी नाई दिसली.
सत्तावीस तोंडांमंधून एकच गोष्ट आली,
एवढ्या मोठ्या सरदाराले हद्दपारी झाली!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

 गजराआधी सगळ्यांनी पुढच्या खुर्चीत बसलेल्या बापूजींकडे पाहिलं. मग मागून, बैलांच्या आडून दोन-चार आवाज आले, "हर हर महादेव!" आणि त्यांच्यामागून दाबलेलं हसू.

ठराव कुठे मोडला, हे समितीच्या लोकांना सांगता येईना. डेन्मार्क काही वर्धा जिल्ह्यात येत नव्हता. बापूजींनी नुसतं हसून टाळी वाजवली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण बापूजी नागपूरला इतिहास घेऊन बी.ए. झाले होते, आणि शिकलेल्या माणसाला चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. ते उठलेच.

"अर्धवट माहिती हाय तुमची, मॅडम. ज्या पुस्तकातून तुमी हे वाचलं, ते माह्याच घरून शाळेत गेलतं. स्टिगनं खून केल्याचा धड पुरावा आजवर कोणाले भेटला नाई. त्याच्या दुश्मनाईनं डाव साधला!"

"असंन जी," ज्योत्स्ना म्हणाली.

"असंन नाई, हायेच! त्या घराण्यानं देशाले काय कमी देल्लं? बिशप देल्ले, चर्च बांधून देल्ले. लोकं खाल्लेल्या घरचे वासे मोजतात!"

"अन् रस्ता?"

आवाज तानबाचा होता. वर्षभरात तो पहिल्यांदा चारचौघांत बोलला होता.

"रस्ता आमच्या सातबाऱ्यावर हाय!" बापूजी कडाडले.

 डेन्मार्कच्या सरदाराचा सातबारा बापूजींच्या कपाटात कसा, हे एकेकाच्या ध्यानात येत गेलं, तसं हसू पुढच्या रांगेपासून मागपर्यंत पसरलं. आता ते कोणी दाबलं नाही. खुर्चीतल्या आनंदाबाईंनी, बापूजींच्या म्हाताऱ्या आईने, कपाळाला हात लावला.

बापूजींचे कान लाल झाले.

"उद्यापासून शाळेत येऊ नोको," ते ज्योत्स्नाला म्हणाले. तिच्या हातातला माईक चालूच होता; सगळ्यांनी ऐकलं.

 ती घाबरली होती, आणि घाबरलेली दिसतेय याची तिला लाज वाटली नाही.

"बरं जी," ती म्हणाली. "ग्रामसभेत मात्र येतो मी."

बापूजींनी तिच्याकडे पाठ फिरवली. "डोमाजी! जोडी काढ. फुटू दे पोळा."

पोळा फोडायचा पहिला मान बापूजींच्या जोडीचा. ती तोरणाखालून गेल्याशिवाय बाकीचे बैल हलत नसत, आणि तीस वर्षं तिचा कासरा डोमाजीच्याच हातात असे. बापूजींना 'मालक' याखेरीज दुसरी हाक न मारलेला हा गडी. तो जोडी घेऊन पुढे आला, तोरणाच्या चार पावलं अलीकडे थांबला आणि त्याने कासरा बापूजींच्या पुढे धरला.

"तुमीच न्या, मालक."

"म्हंजे?"

"माह्यं दोन एकर वावर बी त्याच रस्त्याले हाय."

डोमाजी तानबाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बापूजींनी कासऱ्याला हिसका दिला. मग पुन्हा दिला. वाजंत्री थांबली होती, सारा गाव पाहत होता, आणि बैल डोमाजीकडे मान वळवून जागच्या जागी उभे होते.