आईची लाकडं

आमच्या निकेशच्या डोक्यात कधी काय शिरेल, काही नेम नाही. खारघरच्या टॉवरात राहायला गेल्यापासून रविवार आला की याला काहीतरी पेटवायचं असतं. या वेळी डुकराचं मटण. सगळ्या भावकीला जेवायला बोलावून बसला, लोखंडी पिंप कापून धुराची भट्टी केली, आणि शनिवारी दुपारी बेलपाड्याच्या आमच्या अंगणात बसून बेत सांगायला लागला. म्हणे रात्रभर मंद धुरावर मांस ठेवायचं. आधी तो जागणार, मग माझा नवरा दिनानाथ, आणि पहाटे बाबा, कारण त्यांना नाहीतरी झोप नसते.

"आणि लाकडं रे?" मी विचारलं.

"मागे आहेत की, आंब्याची. फळझाडाचा धूर गोड लागतो, ताई."

माझं डोकंच फिरलं. "जिभेला काही हाड हाय का तुझ्या? आईची लाकडं हायेत ती!"

परसातला आंबा रस्त्यासाठी पाडला, तेव्हा आईने उभं राहून ती रचून घेतली होती. ही माझ्या सरणाला, चुलीत घालायची नाय, असं सगळ्यांना बजावलं होतं. मग कोविडच्या वर्षी ती पनवेलला दवाखान्यात गेली ती गेलीच. तेव्हाच्या नियमाने तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, हातात नुसत्या अस्थी आल्या. लाकडं तशीच राहिली. शेजारच्या बाभळीच्या मोळीचा वाळवीने पार भुगा केला, पण आईच्या लाकडांची सालसुद्धा निघाली नाही. मी तर तिकडे बघायचंच टाळायचे.

बाबा मात्र रोज सकाळी चहाचे दोन कप घेऊन तिथे जाऊन बसत. दोन्ही रिकामे करून आणत. त्यांना डायबेटिस, म्हणून मी रोज कावायचे, दोन-दोन कप कशाला ढोसता म्हणून. "एकच पितो गो मी," ते म्हणत. वय झालंय, असं म्हणून मी सोडून द्यायचे.

आता ते निकेशचा हात धरून बसले. "नको रे बाला. लाकडं जलली का ती जाईल. मग मी कोनाशी बोलू?"

"चार तुकड्यांनी काय होतंय, बाबा!" निकेश हसला. आणि दिवेलागणीला, भट्टी कशी चालते बघतो म्हणून, मेल्याने ते चार तुकडे पेटवलेच.

वारा अगदी पडला होता. तरी धूर वर जाईना. जमिनीसरसा आला, पायऱ्या चढला, मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला आणि डब्यांच्या फळीपाशी थांबला. मी मागोमाग धावले. डोळे चुरचुरले नाहीत, ठसका लागला नाही. वास आंब्याच्या लाकडाचा नव्हताच. तव्यावर मिश्री भाजतात ना, तो होता. आई गेल्यापासून या घरात कुणी मिश्री भाजलेली नाही.

निकेश दारात उभा होता. "आई," एवढंच म्हणाला आणि हमसाहमशी रडायला लागला.

बाबा आत आले. फळीवरून आईचा मिश्रीचा डबा काढला, कपाटातून तिचं हिरवं लुगडं काढलं.

"मीच धरून ठेवली तिला," ते म्हणाले. "दमली असंल. मटनाचं राहू दे आता. सगली लाकडं लाव."

मागच्या शेतात आम्ही सरण रचलं. बाबांनी वर लुगडं ठेवलं, त्यावर डबा ठेवला. निकेशने खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या घातल्या आणि अग्नी दिला. या वेळी धूर सरळ वर गेला.

रविवारी सकाळी बाबांनी सवयीने दोन कप मागितले. मी निमूट दिले. बऱ्याच वेळाने ते परत आले. एक कप रिकामा होता. दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

"द्या इकडं, ओतून टाकते," मी म्हटलं.

पण बाबा काही तो कप सोडेनात.