कजोडमलजींच्या पोर्चमधली जीप

हौसेला मोल नसतं म्हणतात. नसू दे, पण अक्कल तरी असावी की नाही? जयपूरला बदली होऊन आल्या आल्या आमच्या ह्यांनी सरकारी लिलावातून एक जुनी डिझेल जीप उचलली. विमा कंपनीतला माणूस! दिवसभर लोकांच्या मोडक्या गाड्यांचे दावे तपासतो आणि संध्याकाळी स्वतःच मोडकी गाडी घेऊन दारात उभा राहतो. "अगं, इंजिनाचा आवाज ऐक, कसा खणखणीत आहे!" म्हणाले. मी म्हटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

तरी मी फार बोलले नाही, कारण घर मनासारखं मिळालं होतं. मुरलीपुऱ्यात कजोडमलजींच्या बंगल्याचा वरचा मजला. बदल्यांपायी मी इतक्यांदा सामान बांधलंय आणि सोडलंय की सुतळी नुसती दिसली तरी माझं डोकं उठतं. त्यात अनुयाचं दहावीचं वर्ष, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. आणि खाली घरमालकीण सुगनाजी. किती वर्षांनी मला मैत्रीण मिळाली होती! दुपारी गच्चीवर उन्हात बसून आम्ही मटार सोलायचो. त्या त्यांच्या बोलीत बोलायच्या, मी माझ्या सांगलीच्या मराठीत, आणि तरी एकमेकींच्या सासूबद्दलचं सगळं आम्हाला बरोब्बर कळायचं. परीक्षा होईपर्यंत मला या घरातून हलायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

अडचण एकच होती, पोर्च. कजोडमलजी संगमरवराचे व्यापारी. मकराण्याला स्वतः जाऊन, एकेक लादी निवडून त्यांनी पोर्चमध्ये पांढराशुभ्र दगड घातला होता आणि त्यावरून ते स्वतः चप्पल काढून चालत. त्याच दगडावर आमची जीप उभी! गल्लीत लावावी तर समोरच्यांच्या म्हशी बाहेर निघत नाहीत.

दिवाळीनंतर जीपखाली तेलाचा डाग दिसायला लागला. हे खाली वाकून बघून म्हणाले, "काही नाही गं, जुनं इंजिन आहे. घाम येतो त्याला." तो घाम आधी रुपयाएवढा होता, मग पुरीएवढा झाला, मग ताटाएवढा. शेवटी मीच डोकं चालवलं. रोज सकाळी हे ऑफिसला गेले की त्या डागावर रांगोळी. डाग वाढेल तशी रांगोळीही वाढवायची. आधी गोपद्म, मग कमळ, आणि जानेवारीत थेट पिसारा फुलवलेला मोर. सुगनाजी तर शेजारणींना बोलावून आणायला लागल्या.

"आपके यहाँ गाड़ी के नीचे रोज बनाते हैं?" त्यांतल्या एकीनं विचारलं.

"रोज," मी म्हटलं. काय करणार? चोराच्या मनात चांदणं.

संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर होतं. हे जीप घेऊन पतंग आणायला गेले होते, पोर्च मोकळा. कापलेला एक पतंग गटांगळ्या खात आला आणि नेमका माझ्या मोरावर पडला. कजोडमलजींनी तो कौतुकानं उचलला. पतंग काळा, बोटं काळी, आणि रांगोळी फिस्कटली तिथे मकराणाही काळा. मी जिन्यातून बघत होते.

त्यांनी आरडाओरडा केला नाही, तेच वाईट. हे परतल्यावर ह्यांना बोलावून शांतपणे म्हणाले, "साहब, इस पत्थर पर एक बूंद और गिरी, तो जिसकी वजह से गिरी वो मकान खाली करे." आणि कजोडमलजी बोलले म्हणजे झालं, हे मुरलीपुऱ्यात शेंबडं पोर सांगेल. सुगनाजींनी पदर डोळ्याला लावला. अनुया पुस्तक मिटून म्हणाली, "आई, मतलब आपण परत शिफ्ट होणार?"

"तू अभ्यास कर," मी ओरडले. उत्तर नसलं की मी ओरडते.

दुसऱ्याच दिवशी जीप सीकर रोडला छीतर मिस्त्रीकडे नेली. मीही गेले. ह्यांना एकट्याला पाठवलं तर मिस्त्री जुनंच सील नवं म्हणून दाखवील आणि वर हेच त्याला चहा पाजतील. छीतरनं गाडीखाली मुंडकं घातलं आणि म्हणाला, "पीछे की सील गई." इंजिनातला मोठा दांडा मागे जिथून बाहेर निघतो, तिथलं तेल अडवणारं सील. या जुन्या इंजिनात ते रबराचंही नाही हो, चक्क दोरीचं! ग्राफाइट चोळलेली जाड दोरी. आणि त्या वीतभर दोरीपायी आधी गिअरबॉक्स उतरवायचा, मग क्लच, मग फ्लायव्हील, खालून तेलाची टाकी. आमची जीप लग्नघरातल्या भांड्यांसारखी अंगणभर पसरली.

जुनी दोरी निघाली ती करपून कडक झालेली. नवी दोरी छीतरनं तेलात भिजत घातली. "रातभर पीने दो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती खाचेत दाबून बसवायला त्याला काहीतरी गोल आणि गुळगुळीत हवं होतं. हातोडीनं ठोकली तर दोरी फाटते म्हणे. हे माझ्याकडे बघायला लागले. मी स्कूटररिक्षा करून घरी गेले आणि माझं सागवानी लाटणं आणलं. त्या लाटण्यानं छीतरनं दोरी अशी काही लाटून बसवली की मलाच वाटलं, आता ही फुगणार. टोकं कापताना केसभर वर ठेवली. "ऊपर से दबेगी तो बैठ जाएगी," म्हणाला. मग सगळं पुन्हा जोडलं, इंजिन सुरू केलं, आम्ही तिघं खाली वाकलो. कोरडं ठणठणीत! "बीस साल की गारंटी," छीतर मिशीवर ताव देत म्हणाला. "कुछ हो तो मिस कॉल मार देना."

ह्यांना इतका आनंद झाला की घरी न येता आधी चौमूंपर्यंत फेरी मारून आले. भरधाव. रात्री पोर्चमध्ये गाडी लावली आणि शीळ घालत जिना चढले.

सकाळी मी खाली गेले तर मकराण्यावर पुरीएवढा डाग.

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. खोटं कशाला सांगू? मग डोळे पुसले, वर आले, माळ्यावरची खोकी काढली आणि ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले. हे म्हणाले, "अगं, मी बोलतो त्यांच्याशी." मी म्हटलं, "तुम्ही इंजिनाशीच बोला, त्याला घाम आलाय." छीतरला मिस कॉल नाही, चांगला पूर्ण कॉल केला आणि माझ्या पूर्ण आवाजात केला. तो स्कूटर दामटत आला. मालच डुप्लिकेट, साहेबांनीच गाडी पळवली, हवाच थंड, असं एकेक सांगायला लागला.

तेवढ्यात मफलर गुंडाळून कजोडमलजी बाहेर आले. डाग पाहिला. सुगनाजी मागे उभ्या.

"मैं बुरा आदमी नहीं हूँ, भाभीजी," ते म्हणाले, आणि खरंच त्यांचा चेहरा पडला होता. "मैंने भी कोशिश की." मग त्यांनी सांगितलं. आम्ही राहायला आलो तेव्हा म्हणे जीपच्या खालच्या एका नळीतून दिवसाकाठी एखादा थेंब पडायचा. भाडेकरू नवे, सज्जन, पोरगी अभ्यासू, उगीच कशाला बोला? म्हणून दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी गुपचूप एक फडकं घेतलं आणि स्क्रू-ड्रायव्हरनं त्या नळीत गच्च ठासून दिलं. "आप से एक शब्द नहीं कहा!"

छीतर बोलता बोलता थांबला. खाली सरपटला. पक्कड मागितली. आतून ओढल्याचा आवाज आला, मग फस्सकन हवा सुटल्याचा, आणि तो बाहेर आला तो हातात काळंकुट्ट, लांबच लांब फडकं घेऊन.

"अरे, निकाला क्यों?" कजोडमलजी ओरडले. "मैंने इतना टाइट लगाया था!"

"सेठजी," छीतर कपाळाला हात लावून म्हणाला, "इंजन की नाक थी वो."

इंजिनाच्या पोटातली वाफ त्या नळीतून बाहेर पडते. ती बंद केली की आतला दाब वाढतो आणि तेल मागच्या सीलमधून वाट काढतं, दोरी नवी असो नाहीतर जुनी. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. पण ते असं मकराण्यावर उघडेल हे कुणाला ठाऊक! ह्यांना हसू आवरेना. मला हसावं की त्या फडक्यानं दोघांनाही झोडपावं ते कळेना.

आणि सुगनाजी पुढे झाल्या. एरवी नवऱ्यासमोर हळू बोलणारी बाई! "जिसकी वजह से गिरी, वो मकान खाली करे. आप ही बोले थे ना?" त्यांनी आतून कजोडमलजींच्या चपला आणून पोर्चबाहेर ठेवल्या. "पधारो." इकडे 'या'लाही पधारो आणि 'निघा'लाही पधारोच.

कजोडमलजी शब्दाचे पक्के. चपला घातल्या, मफलर सारखा केला आणि खरोखर निघाले. छीतरच्या स्कूटरवर मागे बसून त्याच्या गॅरेजात गेले आणि दिवसभर तिथेच खाटेवर बसून राहिले. सुगनाजींनी माझ्याबरोबर खोकी रिकामी केली. एकेक ताटली काढताना त्या इतक्या हसत होत्या की मीही हसत सुटले आणि हसता हसता पुन्हा रडले.

संध्याकाळी हे जाऊन त्यांना जीपमधून घेऊन आले. जीप पोर्चमध्ये थांबली. आम्ही दोघी दारात उभ्या. कजोडमलजी उतरले आणि आधी खाली वाकले. मागे सगळं कोरडं होतं. फक्त मोकळ्या झालेल्या नळीतून, सावकाश, एक थेंब मकराण्यावर पडला.

त्यांनी सुगनाजींकडे पाहिलं. त्या माझ्याशी बोलत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. कजोडमलजींनी हळूच पाय सरकवला आणि त्या थेंबावर चप्पल ठेवली. मग माझं लक्ष आहे हे त्यांना कळलं.

"भाभीजी," ते हळू आवाजात म्हणाले, "बिटिया की परीक्षा कब है?"

"मार्चमध्ये."

"ठीक है," म्हणाले, "तब तक मैं यहीं खड़ा हूँ."