पत्र्याचं पाणी

धारूरच्या बाजारात कापडाचं दुकान असलेल्या संगमेश्वरनं सत्त्याण्णव साली मारुती घेतली. गल्लीतली ती पहिलीच गाडी. ती उन्हात उभी राहिली की त्याच्या जिवाची घालमेल व्हायची. शेवटी घर आणि शेजारची हद्द यांच्यामधल्या बोळात त्यानं लोखंडी खांब रोवले, वर पत्रे टाकले आणि त्यांचा उतार थेट जालिंदर गुरुजींच्या भिंतीला नेऊन टेकवला.

नियम साधा होता. हद्दीलगत जागा मोकळी सोडायची आणि छपराचं पाणी आपल्याच जागेत पाडायचं. गुरुजींनी तो आधी हात जोडून सांगितला, मग नगरपालिकेत अर्ज दिला. नोटीसही आली. पण नगरसेवकाची रोजची बैठक संगमेश्वरच्याच दुकानात. नोटीस जिरली.

संगमेश्वरची बायको नीलम्मा हे सगळं बघत होती. दुसऱ्या बाळंतपणात तिला ताप भरला, तेव्हा तिच्या सासूच्या कपाळावरच्या आठ्या न बघता गुरुजींची बायको चतुराबाई घरात येऊन उशाशी बसली होती.

श्रावणात झड लागली. पत्र्यावरचं सगळं पाणी गुरुजींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरू लागलं. विटा मातीत बांधलेल्या. चतुराबाईनं नीलम्माला आत नेऊन दाखवलं. बोट लावलं तशी माती लोण्यासारखी निघून आली.

"अक्का, मालकास्नी सांगून बगा. पन्हळ तरी लावा म्हणावं."

नीलम्मानं जेवताना विषय काढला. तू कुणाच्या घरची, असं विचारून संगमेश्वर भरल्या ताटावरून उठला. त्यानंतर तिनं पुन्हा विषय काढला नाही. चतुराबाई दिसली की सांगितलंय म्हणायची आणि लगबगीनं आत जायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत बसली. चतुराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. गल्लीनं विटा उपसल्या, नीलम्मानंही उपसल्या, नखं फाटेस्तोवर. चतुराबाई हाती लागली तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं.

पंचनाम्याआधी संगमेश्वरनं बायकोला बजावलं, भिंत जुनी होती एवढंच म्हणायचं. ती उठून गुरुजींकडं गेली.

"गुरुजी, मी खरं सांगणार हाय. पाणी आमचंच होतं."

गुरुजींनी मान वर केली नाही. "आता कावून, अक्का? ती होती तवा बोलायचं होतं."

तरी ती बोलली, पंचांसमोर, नवऱ्यादेखत. आठवड्याभरात पत्रे उतरले. खटला मात्र उभा राहिला नाही. भिंत मुळात जुनी होती म्हणणारे गल्लीत पुष्कळ निघाले. संगमेश्वरनं बायकोशी बोलणं टाकलं.

दिवाळीआधी गुरुजींनी बीडला बदली करून घेतली. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा नीलम्मा जाऊन दाराशी उभी राहिली. गुरुजींनी अनोळखी माणसाला करावा तसा तिला नमस्कार केला आणि ते ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.