भोपळ्याची झोळी

“ठेव ते रोप खाली. तुझ्या हाताला गुण नाही गं!”

लहानपणी परसात ऐकलेला आईचा तो आवाज. भिंतीवर चढलेल्या वेलाखाली स्टुलावर उभी राहून शिवणारीण भोपळ्याला जीनच्या कापडाची झोळी बांधत होती, तेव्हाही तो कानातच होता.

आईच्या त्या परसात हंगामातल्या सर्वांत देखण्या फळाच्या देठाला लाल दोरा असायचा. दोरा दिसला की हात मागे. ते फळ बियाला राखलेलं. लेकीने लावलेल्या वेलाला तो दोरा कधी लागला नाही.

आता गुडघे गेलेली आई लेकीकडेच होती. खिडकीजवळच्या पलंगावरून बाग दिसायची. ती सगळं बघायची, बोलायची मात्र काही नाही. टोमॅटोला नुसती पानंच आली. मुळे उपटले तर दोन-दोन पायांचे निघाले.

“मुळ्यांच्याही विजारी शिवायला घेतल्यास का?” नवऱ्याने विचारलं.

भोपळ्याच्या वेळी मात्र आईला राहवलं नाही. इवले इवले भोपळे पिवळे पडून गळत होते.

“रोज सकाळी कात्री घेऊन काय कापतेस?”

“ज्या फुलांखाली फळ नाही ती काढते. सुटे दोरे कातरतो तशी. वेलाचा जोर फुकट जायला नको.”

“अगं बाई! नवरे सगळे कातरून टाकलेस, आणि लेकरांची वाट बघतेस?”

“आई, तेवढी कात्री काढून घ्या तिच्याकडून,” आतून जावई ओरडला.

दुसऱ्या दिवसापासून कात्री पेटीत राहिली. उजाडता उजाडता शिवणारीण एक नर फूल खुडायची, पाकळ्या मागे सारायची, आणि फळ धरू बघणाऱ्या फुलाच्या कुशीत ते हलकेच टेकवायची. बाळाच्या गालाला बोट लावावं तसं. एक भोपळा धरला. मुठीएवढा झाला, तांब्याएवढा झाला, मग वेल वाकायला लागला तशी तिने दुहेरी शिलाईची झोळी शिवली. कपडे टाकायला आलेल्या बायका माप द्यायचं सोडून आधी मागे बागेत जायच्या. ती भोपळ्याला टेप लावून सांगायची, “कंबर परत वाढली हो!” त्याच्यामागून आणखीही धरले. अख्खी भिंत लेकुरवाळी झाली.

मोठ्याचा रंग पिकला. तो कापायचा आणि सरळ आईच्या मांडीवर नेऊन ठेवायचा, हे तिने कधीचं ठरवलं होतं. सुरी घेऊन ती स्टुलावर चढली, झोळी बाजूला सारली, आणि तिचा हात थांबला.

देठाला लाल दोरा होता. तिच्याच रिळाचा. गाठ मात्र तिची नव्हती.

ती आत आली. पलंगाखालच्या चपलांना ओली माती लागलेली होती. काठीच्या टोकालाही.

“आई, पायऱ्या उतरलीस? एकटी?”

“बसत बसत उतरले.”

“आणि स्टुलावर?”

“काठीने वेल खाली ओढला. रागावू नकोस, पान एक मोडलं.”

“मी तो तुझ्यासाठी कापणार होते.”

“माझ्यासाठी धाकटा काप. तो बियाला.” आई खिडकीबाहेर बघत राहिली. पदराने तिने बोटाची माती पुसली, पुसलेलं बोट पुन्हा पुसलं. “माझ्या परसातसुद्धा असा धरला नव्हता कधी. गुण आहे गं तुझ्या हाताला.”