बोटांचं फिनिशिंग

चौथ्यांदा बोटं काचेवर टेकवली, तरी पडद्यावर उमटलं ते नुसतं धुरकट. व्हिसा केंद्रातल्या काउंटरवरच्या मुलीने काच पुसली, टर्नरचा हात स्वतः दाबून पाहिला आणि शेवटी तो उलटा करून निरखला.

"काका, बोटांना काय केलंत?"

"स्वच्छ केली."

"कशाने?"

टर्नरने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे. तिचे ठसे पहिल्या फटक्यात आले होते.

"पॉलिश पेपरने," तो म्हणाला. "आधी दोनशेवीस नंबर, मग चारशे."

एकतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. बोटांच्या रेषांत मुरलेलं काळं तेल साबणाला दाद देत नव्हतं, आणि सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं की बोटं स्वच्छ हवीत. अर्धवट काम त्याला जन्मात जमलं नव्हतं. आदल्या दिवशी त्याने दहाही बोटांना असं फिनिशिंग दिलं, की काळ्याबरोबर रेषाही गेल्या.

"दहा दिवसांनी या, कातडी भरून येईल," मुलगी म्हणाली. "पण पुढे निर्णयाला पंधरा दिवस लागतात. पदवीदान समारंभ कधी आहे तुमच्या मुलीचा?"

"सव्वीस दिवसांनी."

"मग पुढच्या वेळी ठसे यायलाच हवेत."

जिना उतरताना बायकोला राहवलं नाही.

"लेक डॉक्टरेट घेणार, आणि बाप साधा अंगठेबहाद्दरसुद्धा नाही!"

एरवी तो हसला असता. आता खिशात हात घालून खाली बघत चालत राहिला.

"तिथे तिचे सर असतील, मोठमोठी माणसं असतील. हात पुढे करतील. त्यांच्या हातात काळे हात द्यायचे का?"

तिकडच्या थंडीसाठी तिने आणलेले लोकरीचे हातमोजे त्याने लगोलग बॅगेत सगळ्यात वर का ठेवले, ते तिला आत्ता कळलं.

दहा दिवस त्याने लेथला हात लावला नाही. मालक कुरकुरला, पण एकतीस वर्षांत न घेतलेल्या रजांपुढे त्याचं काही चाललं नाही. टर्नर रोज सकाळी खिडकीशी जाऊन एकेक बोट उजेडात धरायचा. रेषा हळूहळू परतल्या. त्यांच्यामागोमाग मुरलेलं काळंही वर आलं. पॉलिश पेपरकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही, मात्र हात खिशातच राहिले.

दुसऱ्या खेपेला बायको बाहेर बाकावर थांबली. त्याने बोटं टेकवली आणि पडद्यावर रेषा अशा उमटल्या, जणू चांगल्या हत्याराने कापलेले स्क्रूचे आटे.

"आले की, काका!" तीच मुलगी होती. ती फाइल चाळू लागली. बँकेचा कागद, मालकाचं रजेचं पत्र, लेकीचं आमंत्रणपत्र. तिथे ती थांबली.

"हे वाचलंत का?"

"त्यांच्या भाषेत आहे. मला कुठलं कळायला! पाठवलं तसं लावलं."

मुलगी कागदावर बोट ठेवून सांगू लागली. "'माझे वडील टर्नर आहेत. माझ्या संशोधनाचं यंत्र ज्या दांड्यावर फिरतं, तो इथे तिघांना जमला नाही. तो वडिलांनी करून पाठवला. माझ्या सरांना त्यांचा हात हातात घ्यायचा आहे.'"

टर्नरला दोन वर्षांपूर्वीचा तो वीतभर दांडा आठवला. त्याने विचारलं होतं, कसल्या मशीनचा? लेक म्हणाली होती, माझ्याच एका मशीनचा आहे, बाबा. त्याला वाटलं, घरातलं काही मोडलं असेल. सुट्टीच्या दिवशी बसून त्याने तो केला आणि कुरिअरने धाडला.

"पुन्हा एकदा वाचाल?" तो म्हणाला.

तिने वाचलं. मागे रांग होती, म्हणून तो उठला.

बाहेर बायको लगबगीने पुढे आली.

"आले?"

"दहाच्या दहा." दोन्ही पंजे त्याने तिच्यासमोर धरले, चांगले पसरून. "आणि ते हातमोजे बॅगेतून काढ."

"अहो, तिथे कडाक्याची थंडी असते!"

"असू दे," टर्नर म्हणाला, आणि हात मोकळे सोडून चालू लागला.