लेखनाच्या वर्गातली कात्री

"कागदाला लावू नकोस गं तिला, धार जाते!"

मित्रांनो, हा आवाज माझ्या पहिल्या मालकिणीचा. मी एक जुनी कात्री आहे, कापड कापायची, काळ्या मुठीची आणि वजनदार. त्या बाई घरोघरचे कपडे शिवायच्या. संध्याकाळी काम आटोपलं की मऊ फडक्याने माझी पाती पुसायच्या, खिळ्याशी तेलाचा थेंब सोडायच्या. हा नेम त्यांनी आजारपणातही मोडला नाही. मलमल असो की जाड सतरंजी, मी सरळ चालायचे. "हात नाही, कात्री शिवते माझी," असं त्या कौतुकाने म्हणायच्या.

त्या गेल्या आणि मी त्यांच्या लेकीकडे आले. लेक कॉलेजात पहिल्या वर्षाला लेखन शिकवते. तिने मला पर्समध्ये टाकलं, वर्गातल्या लांब टेबलावर ठेवलं आणि नेमकं कागदालाच लावलं!

तिची रीतच तशी. मुलांनी निबंध लिहून आणायचा, मग त्याचे परिच्छेद कापून सुटे करायचे. ते टेबलावर मांडायचे. इतरांनी वाचून सांगायचं, कुठला तुकडा पुन्हा ऐकावासा वाटतो. बाकीचे बाजूला. राहतील ते चिकटपट्टीने जोडायचे आणि पुढचं लिहायचं.

ऐकायला छान वाटतं. पण चिकटपट्टीचा गोंद माझ्या पात्यांवर बसला. पुसायला कुणाला सवड नाही. मी कागद कापेना, चावू लागले. मुलं करवादायची, "ही कात्री आहे की उंदीर?" जिने कधी धागा चुकवला नाही, तिने हे ऐकून घ्यायचं! फार चिडचिड व्हायची माझी.

माझ्याहून चिडलेला एकच होता. त्याला सगळे 'प्रस्तावना' म्हणायचे, कारण त्याची प्रस्तावना कधी संपायचीच नाही. गेल्या वर्षी तो याच विषयात नापास झाला होता. यंदाही झाला, तर कॉलेज सुटणार होतं. शेवटचा निबंध होता 'जवळच्या माणसाचं काम'. त्याने ताईवर लिहायला घेतलं. ताई लाँड्रीत इस्त्री करायची. पण निबंधाची सुरुवात व्हायची ती 'मानवी जीवनात श्रमाचे स्थान अनन्यसाधारण आहे' इथून. ताई येईपर्यंत वाचणारा जांभया द्यायचा. दर वेळी टेबलावर त्याचे तुकडे पडायचे आणि एकही राहायचा नाही.

"मॅडम, मी एवढं राबून लिहितो, आणि तुम्ही नुसतं कापता!"

"राबलेला दिसतोस रे. ताई दिसत नाही."

मग त्याने शक्कल लढवली. पुढच्या खेपेला अख्खा निबंध एकाच परिच्छेदात लिहून आणला. कुठे मोकळी ओळ नाही, श्वास घ्यायला जागा नाही.

"आता कापा कुठून कापायचं ते!"

वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या. मग त्यांनी मला उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "तूच काप. मोठ्याने वाच. जिथे तुझा तुलाच कंटाळा येईल, ते काढून टाक."

तो तणतणत वाचू लागला. श्रमाचं स्थान गेलं. थोरांची वचनं गेली. 'माझी ताई म्हणजे त्यागाची मूर्ती' इथे तो स्वतःच थांबला, कान लाल झाले, आणि तेही गेलं. गोंदामुळे मी अडत होते, तो दात ओठ खात मला रेटत होता. शेवटी बोटभर रुंदीची पट्टी उरली. 'ताई शर्ट घेण्याआधी गरम इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकते आणि कान देऊन ऐकते.'

कुणी हसलं नाही.

"एवढंच उरलं," तो रडवेला झाला. "एका वाक्यावर कोण पास करणार मला?"

"काय ऐकते ती?"

"इस्त्री किती तापलीय ते. चर्र वाजलं तर..." तो अडखळला. "एकदा माझा शाळेचा शर्ट जळला होता तिच्याकडून. मी नको नको ते बोललो. तेव्हापासून ऐकते."

"मग हे लिही ना, बाबा!"

तुम्हाला वाटेल, आता झरझर लिहून झालं असेल. छे! वर्ग रिकामा झाला, तो मात्र टेबलाशीच बसून राहिला. लिही, खोड, चुरगाळ. पुन्हा श्रमाचं स्थान डोकं वर काढायचं आणि तो पुन्हा मला शोधायचा. मी कुरकुरत कापायचे. अखेर दोन पानं झाली, प्रस्तावनेशिवाय.

मॅडमनी उभ्याउभ्याच वाचली. "शेवट लंगडा आहे. पण निबंध तुझा आहे."

"पास होईन?"

"काठावर. ताईने वाचलाय?"

त्याने मान खाली घातली. "पूर्ण झाला की आधी तिलाच वाचून दाखवीन, असं म्हणालो होतो तिला. पण तो शर्टाचा भाग... तिच्यासमोर कसा वाचू?"

मॅडम टेबल आवरू लागल्या.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. काम झालं की माझ्या पात्यांवरचा गोंद पुसत जा. आणि दुसऱ्याच्या लिहिण्यावर मला चालवाल, तेव्हा हलक्या हाताने चालवा. तिथे कुणीतरी जीव ओतलेला असतो, भले तो अजून दिसत नसेल.

प्रस्तावनेने पानांची घडी घातली. ती खिशात न ठेवता हातातच धरली. लाँड्री बंद व्हायला अजून थोडा वेळ होता. त्याने दार हळूच ओढून घेतलं आणि तो जिना उतरू लागला.