कडूकंदावर एकमत

मालूची पोर रोशनी उलट्या-जुलाबानं गेली तेव्हा पेपरात दोन ओळी आल्या: डोळखांब भागातल्या पाड्यावर विषबाधा, कडूकंद खाल्ल्याचा संशय. तेवढ्या भांडवलावर पुण्या-मुंबईपासून थेट अमेरिकेपर्यंतची शहाणी माणसं कामाला लागली. साल २००६. ही मंडळी ‘विज्ञानकट्टा’ नावाच्या ई-मेल गटावर जमायची, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि कुठलाही सिद्धांत हाती लागला की त्यावरून एकमेकांची सालं काढायची.

मालूची धाकटी बहीण राही त्या गटात होती. पाड्यावरची पहिली बी.एस्सी., शहापुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. शनिवारी एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून ती गट वाचायची. विश्व फुगतंय की नाही, यावर लोक तावातावानं भांडायचे आणि आपणही त्यांच्यातले, म्हणून तिला बरं वाटायचं. आता भांडणाचा विषय तिची भाची होती.

राहीनं सरळ लिहिलं. कंद त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी खाल्ला होता, आणि मालूनं तो नेहमीसारखा चिरून, उकडून, विष उतरावं म्हणून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवला होता. शेजारच्या घरांत कंद शिजलाच नव्हता, तरी तिथेही जुलाब होते. पाणी सगळ्यांचं एकाच विहिरीचं. आधी विहीर तपासा. यावर पुण्याच्या एका निवृत्त रसायनतज्ज्ञांनी कळवलं की भावना समजतात, पण नातेवाइकांच्या सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत. दुसऱ्यानं कंदातल्या विषाची सूत्रं डकवली. तिसऱ्यानं ग्रामीण भागातून आवाज आला म्हणून कौतुक केलं. विहिरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

गट चालवणारे दिवेकर या रोजच्या भांडणांना विटले होते. आपल्या गटाचं एकदा तरी कशावर एकमत व्हावं, ही त्यांची फार दिवसांची हौस. त्यांनी मसुदा टाकला: मृत्यू कंदातल्या विषानं, आईनं कंद नीट न धुतल्यामुळे. आठवड्यात हरकत आली नाही तर मसुदा सर्वांना मान्य आहे असं धरलं जाईल.

मसुदा वाचून राही संतापली. आणि तिनं तेच केलं जे पाड्यावरच्या कुणीही केलं असतं. ती गप्प बसली. पाड्याच्या बैठकीत तोंडावर ‘नाय’ म्हणणं वाईट समजतात. ज्याला पटत नाही तो मान खाली घालून बसतो, आणि असा एक जरी बसला तरी ठराव अडतो. दुसऱ्या दिवशी म्हातारी माणसं त्याच्या ओट्यावर जाऊन विचारतात, तुझ्या मनात काय हाय रे? राहीनं तर आपलं म्हणणं आधी लिहूनही टाकलं होतं. आता आपल्याला कुणीतरी विचारील, म्हणून ती वाट बघत राहिली. दुनियाभरचं शास्त्र शिकली, पण शिकलेल्या लोकांत गप्प माणसाला होकारात मोजतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी विषय बंद झालेला होता. ‘एकमतानं मान्य’. खाली सहमत सभासदांची नावं, आणि राहीचं नाव सगळ्यांत वर, पुढे ‘स्थानिक अभ्यासक’. तिनं दिवेकरांना लिहिलं की मी हो म्हटलं नव्हतं. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. नाहीही म्हटलं नव्हतंत. निवेदन वर्तमानपत्राला गेलं आहे. गटाचं हे पहिलंच एकमत, कृपया ते मोडू नका. गटावर अभिनंदनांचा पाऊस चालला होता. राहीनं मग हरकतीवर हरकत लिहिली, पण बंद विषय उकरायचा नाही या नियमाखाली दिवेकरांनी एकही गटावर जाऊ दिली नाही.

इकडे पाड्यानं विहीर तपासायचा अर्ज दिला होता. तालुक्याहून एक साहेब आला, पण पाण्याचा नमुना न्यायला नव्हे. पेपरातलं कात्रण त्यानं बारकूला, पाड्यावरच्या वाचता येणाऱ्या माणसाला, सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचायला लावलं. शास्त्रज्ञांचं एकमत आहे, त्यात तुमच्याच पाड्यावरच्या मुलीचं नाव आहे, मग विहीर कशाला तपासायची, असं म्हणून तो निघाला. चहालाही थांबला नाही. प्यायचं पाणी त्यानं घरून आणलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी राही पाड्यावर गेली. मालू दारात बसली होती.

“तुझं नाव हाय त्यात,” मालू म्हणाली.

“न विचारता घातलं, ताई. मी हो म्हटलं नाय.”

“मंग नाय म्हटलीस का गो?”

राही आठवड्याच्या मुदतीचं, मसुद्याचं, नियमाचं सांगू लागली. स्वतःच्याच तोंडून ते ऐकताना तिला स्वतःची किळस आली. मालूनं सगळं नीट ऐकून घेतलं. पलीकडे शेजारणीच्या, धोंडूबाईच्या ओटीवर मालूचा धाकटा सुरज भात खात होता. तो तिकडे का जेवतोय, राहीनं विचारलं.

“माझ्या हातचं नको त्याला,” मालू म्हणाली. “येवढी शिकलेली मानसं सांगतात. तुझं पन नाव हाय. नसंल धुतला मी कंद नीट.”

राहीनं तिचा हात धरला. मालूनं तो हळूच सोडवून घेतला.

“दमून आलीस. जा, तू पन धोंडूबाईकडंच जेव.”